गुप्तदानाची घागर

कोडं असं होतं: अख्ख्या वस्तीत जिला सगळ्यांत जास्त पाणी मिळतं, तिच्याच मूत्रपिंडात खडा कसा झाला?

वस्तीचं नाव ध्रुवटेकडी. ती आहे चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ. तिथल्या खोल विवरांत कधीच ऊन पोचत नाही, आणि त्या सावलीत युगानुयुगांचा बर्फ पडून आहे. तो खणायचा, वितळवायचा, गाळायचा आणि मग प्यायचा. साहजिकच पाणी माणशी ठरवून मिळायचं. फक्त अकरा वर्षांच्या गोदा केळुसकरला इतरांच्या तिप्पट. दिवसाच्या निळ्या बाटल्या वेगळ्या आणि रात्रीसाठी एक मोठी पांढरी बाटली वेगळी. तसा दवाखान्याचा हुकूमच होता.

आणि तरीही त्या सकाळी गोदा दवाखान्यातल्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. डाव्या कुशीतून कळ निघायची, मांडीपर्यंत उतरायची आणि तिला घाम फुटायचा.

"डावं मूत्रपिंड सुजलंय," मावशी म्हणाली. "खालच्या नळीत खडा अडकलाय. आजकालचा नाही. चांगला मुरलेला आहे."

मावशी म्हणजे दवाखान्यातला यंत्रमानव. चार हात, बाईचा आवाज, आणि बोलताना कुणाची भीड ठेवायची नाही. म्हणून पोरांनीच तिला मावशी करून टाकलं होतं.

"कसं शक्य आहे?" आई म्हणाली. कडेवरचा दीड वर्षाचा केशू तिच्या गळ्यातल्या पोतीशी खेळत होता. "अहो, सगळ्या बाटल्या रिकाम्या होतात. मी स्वतः उचलून ठेवते."

"लघवीचे नमुनेही चांगले येत होते," आजोबा म्हणाले. "पातळ, स्वच्छ. आंबटपणाही बेताचा."

"गेल्या खेपेची सोनोग्राफी मात्र झाली नाही," मावशी म्हणाली.

"परीक्षा होती तिची. म्हणाली, नंतर करू." आईचा आवाज बारीक झाला. "मीच हो म्हटलं."

तिघंही गोदाकडे बघू लागले. गोदा छताकडे बघत होती. कोड्याचं अर्धं उत्तर तिला ठाऊक होतं. पण ते ओठांवर येईना.

*

गोदाचा पहिला खडा ती सहा वर्षांची असताना सापडला, तेव्हा आजोबांनीच तिला सगळं समजावलं होतं. त्र्यंबकबुवा केळुसकर म्हणजे मोठी असामी. शिक्षणानं रसायनशास्त्रज्ञ, वस्तीतलं पाणी शुद्ध करणारं यंत्र त्यांनी उभं केलेलं. आणि वृत्तीनं कीर्तनकार. चंद्रावर माणसाचं वजन पृथ्वीवरच्या सहाव्या हिश्शाइतकंच भरतं, त्यामुळे बुवा रंगात येऊन चिपळ्यांसकट उडाले की खाली यायला वेळ लागायचा आणि तोवर तबलजी आपला ठेका धरून ताटकळायचा. शेवटी आजीच्या हयातीतच त्यांच्या उपरण्याच्या टोकांना शिशाचे गोळे शिवले गेले.

"डाळ, दूध, अंडी यांत प्रथिनं असतात," आजोबांनी सांगितलं होतं. "प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. एकेका मण्याला म्हणतात अमिनो आम्ल. त्यातला आपला जो आहे, तो सिस्टीन. तो जोडमणी. दोन सारखे मणी गंधकाच्या आकड्यानं एकमेकांत अडकलेले. आता मूत्रपिंड काय करतं? रक्त गाळतं. गाळताना कचऱ्याबरोबर असले कामाचे मणीही पलीकडे जातात. मग नळीच्या भिंतीत बसलेले वाहक (ठरावीक वस्तू ओळखून आत ओढून घेणारी प्रथिनं) ते मणी उचलून परत रक्तात टाकतात."

"आणि माझे?"

"तुझे सिस्टीनचे वाहक जन्मापासून अधू. वाहक कसा बनवायचा याची सूचना आपल्या जनुकांत (आईबाबांकडून येणाऱ्या, शरीर घडवणाऱ्या सूचनांत) असते. एक आईची, एक बाबांची. तुझ्या आईकडे एक चांगली, एक बिघडलेली. बाबांकडेही तसंच. एक चांगली असली की काम भागतं, म्हणून त्यांना काही झालं नाही. तुझ्याकडे नेमक्या दोन्ही बिघडलेल्या आल्या."

"म्हणजे चिठ्ठी माझ्याच नावाची निघाली."

"निघाली खरी." आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मग तो सिस्टीन लघवीतच राहतो. लघवीतलं पाणी म्हणजे कीर्तनाचा मंडप समज आणि सिस्टीन म्हणजे श्रोते. मंडप ऐसपैस असला तर सगळे सुटेसुटे बसतात आणि कीर्तन आटोपलं की मुकाट्यानं घरी जातात. मंडप आखडला की खेटतात, हातात हात अडकवतात, आणि एकेक जण येऊन त्यांना चिकटत जातो. तो झाला खडा. सूक्ष्मदर्शकाखाली बघशील तर सहा कोनांच्या फरश्या. दिसायला देखण्या."

"मग करायचं काय?"

"मंडप कायम मोठा ठेवायचा. भरपूर पाणी. दिवसाही, आणि झोपेतून उठून रात्रीही. लघवी आंबट झाली की सिस्टीन विरघळायला कुरकुरतो, म्हणून पोटॅशियम सायट्रेट. ते आंबटपणा मारतं. मीठ बेताचं, कारण अंगात मीठ जास्त गेलं की सिस्टीनही जास्त सांडतो. लोणचं-पापडाला लांबून नमस्कार. डाळ-दूध सोडायचं नाही हं, वाढतं अंग आहे तुझं. फक्त अतिरेक नको. आणि एवढ्यानंही नाही भागलं, तर टायोप्रोनिन नावाचं औषध आहे. ते जोडमण्याचा आकडा सोडवतं आणि स्वतःच एका मण्याचा हात धरतं. ही नवी जोडी पाण्यात निमूट विरघळते."

इतकं सुरेख समजावलं होतं. पण ते समजावलं घरात, एकट्या गोदाला. वस्तीला कुणी काही सांगितलंच नाही.

वस्तीनं आपला अर्थ आपण काढला. पाण्याच्या रांगेत गोदा बाटल्यांची पिशवी घेऊन आली की मागून शकूकाकूंचा आवाज यायचा, "या, या, आमची तुळस वाळतेय आणि इथे महापूर आलाय!" वर्गातला अन्वय तर तिला बघितलं की ओरडायचा, "गोदावरी आली, भांडी झाका रे!" सगळा वर्ग हसायचा. गोदाही हसायची. न हसून करते काय?

आणि सभागृहाच्या दाराशी, पडद्याआड, ती घागर होती.

तिचीही एक कथा होती. वस्ती वसली त्या वर्षी मालवाहू यान वेळेवर आलं नाही. पाणी तुटलं. तेव्हा लोकांनी आपापल्या वाट्यातला घोट घोट काढून एका तांब्याच्या घागरीत ओतला आणि रोपं जगवली. कुणी किती ओतलं हे कुणी बघायचं नाही, म्हणून पडदा. तेव्हापासून रोज संध्याकाळी भजनानंतर एकेकानं पडद्याआड जायचं आणि जमेल तेवढं पाणी घागरीत घालायचं, हा रिवाज पडला. सगळे त्याला गुप्तदान म्हणत.

शकूकाकू एका संध्याकाळी असंच काही बोलल्या आणि गोदा भजनानंतर आपली पांढरी बाटली घेऊन पडद्याआड गेली. भरलेली घेऊन गेली, रिकामी घेऊन बाहेर आली. त्या रात्री तिला पहिल्यांदाच हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. दिवसाचं पाणी तर ती पीतच होती. एका रात्रीच्या बाटलीनं असं काय बिघडतंय?

तरीही एखाद वेळी ती बाटली परत घरी आणायची. मग आला एकादशीचा दिवस. आजोबांनी आख्यान लावलं टिटवीचं. वाळवंटात तहानेनं पडलेल्या वाटसरूच्या तोंडात तिनं आपल्या चोचीतला शेवटचा थेंब कसा घातला, आणि पिलांनी विचारलं तेव्हा ती काय म्हणाली. सभागृहात डोळ्यांना पदर लागले. आणि मग चिपळ्या थांबवून ते हळूच म्हणाले, "मंडळी, आपल्या वस्तीतही अशी एक टिटवी आहे. अलीकडे घागर रोज काठोकाठ भरते. कोण भरतं, मला ठाऊक नाही. देवाला ठाऊक आहे."

गोदाचे कान तापले. छाती भरून आली. शेजारी बसलेला अन्वय म्हणाला, "कोण असेल गं?"

त्या दिवसापासून पांढरी बाटली एकदाही भरलेली घरी परतली नाही. महिने गेले. पाठीत डावीकडे दुखायला लागलं, तेव्हा गोदानं ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाणी वाढवलं असतं.

*

"बाहेरून लहरींचे धक्के देऊन फोडता नाही येणार?" आईनं विचारलं.

"सिस्टीनचा खडा चिवट. धक्क्यांना सहसा दाद देत नाही," मावशी म्हणाली. "दुर्बिणीनं करू. लघवीच्याच वाटेनं केसासारखी दुर्बीण वर न्यायची आणि लेसरनं खड्याचा भुगा करायचा. पोट कापायचं नाही."

आजोबांचे ओठ हलत होते. जप चालला होता त्यांचा. गोदाला भूल दिली.

ती जागी झाली तेव्हा कळ नव्हती. तिला वाटलं, सुटले. पण आईचे डोळे सुजले होते. आणि मावशीचे चारही हात स्थिर होते. ती सहसा अशी नसे.

"खडा निघाला," मावशी म्हणाली. "पूर्ण निघाला. उजवं मूत्रपिंड ठणठणीत आहे."

"आणि डावं?"

"गोदाबाई, नळी फार दिवस तुंबलेली होती. पाणी तुंबलं की मूत्रपिंडावर आतून दाब येतो आणि गाळण्याचं काम करणारा भाग मरत जातो. हळूहळू, न बोलता. डावं आता जेमतेम काम करतंय."

"परत नीट होईल ना?"

"नाही."

"म्हणजे गेलं?"

"गेल्यातच जमा धर. एका मूत्रपिंडावर माणूस नीट जगतं. पण उजव्यात असा खडा अडकला, तर आधाराला दुसरं नाही."

आईनं तोंडावर पदर घेतला. आजोबा पुढे सरसावले. "बाळा, देवाची इच्छा..."

"देवाचं नाव घेऊ नका!" गोदा ओरडली. टाके नव्हते, तरी आत कुठेतरी दुखलं. "देवानं मला पाणी दिलं होतं. मी ओतलं."

"ओतलं? कुठे ओतलं?"

"घागरीत. रोज. रात्रीची बाटली."

आजोबा खाटेच्या कडेवर बसले.

"तू होतीस?"

"तुमची टिटवी," गोदा म्हणाली.

कोड्याचं उरलेलं अर्धं उत्तर मग मावशीनं दिलं. "तू नमुना दुपारी द्यायचीस. दुपारी तू भरपूर प्यायलेली. मला फक्त तुझा मोठा मंडप दिसायचा. रात्री तो आखडायचा, लघवी दाट व्हायची. खडा व्हायला पूर्ण दिवस लागत नाही, दाटीचे काही तास पुरतात. आणि एकदा का त्या फरश्या बसल्या की सकाळच्या पाण्यानं त्या सहजी विरघळत नाहीत. रोज रात्री नवा थर. दिवसा जास्त प्यायलेलं पाणी रात्रीसाठी शिल्लक टाकता येत नाही, गोदाबाई. शरीराकडे तसली टाकी नाही."

गोदानं डोळे मिटले. मग तिनं विचारलं, "निदान रोपांना तरी उपयोग झाला ना?"

आईनं आजोबांकडे बघितलं.

"आजोबा?"

"रोपांना लागतं तेवढं पाणी यंत्र आपोआप सोडतं," आजोबा जमिनीकडे बघत म्हणाले. "गेली कित्येक वर्षं. घागर आम्ही भजनानंतर टाकीतच रिकामी करतो. तो... रिवाज होता."

"आणि मी ते पाणी प्यायले असते तर? संपलं असतं?"

"संपलं नसतं. इथे पाणी संपत नाही, फिरतं. तू प्यायलेलं लघवीतून, घामातून, श्वासातून बाहेर येतं. सगळं नळ्यांतून यंत्रात जातं, गाळलं जातं आणि परत टाकीत येतं. तुझ्या जास्तीच्या पाण्यासाठी यंत्राला थोडं जास्त राबावं लागतं. त्याला ऊन लागतं, आणि ऊन आपल्या टेकडीवर मुबलक आहे."

"म्हणजे मी कुणाचंच पाणी घेत नव्हते."

"नाही."

"शकूकाकूंचं नाही. त्यांच्या तुळशीचं नाही."

"नाही गं, बाळा."

"हे तुम्हाला ठाऊक होतं. यंत्र तुमचं." गोदाचा आवाज आता चढला नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "सगळी वस्ती दर एकादशीला तुमच्यासमोर बसते. मग हे का नाही सांगितलंत? टिटवी कशाला सांगितलीत?"

आजोबांनी चष्मा काढला. "आख्यान रंगलं होतं, गोदे. लोक डोळे पुसत होते."

ते उठून गेले. तिनं त्यांना थांबवलं नाही.

*

पुढच्या एकादशीच्या आदल्या दिवशी ते तिच्याकडे आले.

"एक विचारू?"

"माझं आख्यान लावायचं नाही," गोदा म्हणाली. "बिचारी गोदा, त्यागी गोदा, काही नको. कुणी माझ्यासाठी डोळे पुसलेले मला चालणार नाहीत."

"बरं. मग काय सांगू?"

"यंत्र सांगा. आणि मंडप."

आजोबांनी तेच सांगितलं. रंग न चढलेलं कीर्तन होतं ते. हातात चिपळ्या होत्या, पण उडी एकही नाही. पाणी कसं फिरतं, सिस्टीन म्हणजे काय, काहींना जास्त पाणी लागतं आणि त्यानं कुणाचंच कमी होत नाही, ते सारं सांगितलं. नाव कुणाचंच घेतलं नाही. शेवटी म्हणाले, "देवानं ज्याला जी गरज दिली, ती त्यानं निःशंक भागवावी. तहान लपवून केलेलं दान देवापर्यंत पोचत नाही. मधल्या मध्ये कुणाला तरी मारतं." मग स्वतः पडद्याआड गेले, घागर उचलून आणली आणि सगळ्यांसमोर उपडी ठेवली.

टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या रांगा अर्ध्यातच उठून गेल्या होत्या. शकूकाकू बाहेर पडताना म्हणाल्या, "बुवा, आज आख्यान नाही झालं. आणि घागर का हो मोडीत काढलीत? इतक्या वर्षांचा नेम!" मग गोदाच्या हातातल्या बाटलीकडे त्यांची नजर गेली. त्या काहीतरी बोलणार होत्या. बोलल्या नाहीत. तेवढंच काय ते.

अन्वयनं विचारलं, "ते तुझ्याबद्दल होतं ना?"

"पाण्याबद्दल होतं," गोदा म्हणाली आणि सगळ्यांदेखत बाटली तोंडाला लावली.

त्याच आठवड्यात गोदानं आईला केशूसकट दवाखान्यात नेलं. आई आजवर हे टाळत आली होती. "एक दुखणं घरात आहे तेवढं पुरे, दुसरं शोधायला कशाला जायचं?" असं म्हणायची. गोदानं तिला वाद घालू दिला नाही.

मावशीनं केशूच्या लघवीच्या दोन थेंबांत द्रव मिसळला. "रंग बदलला नाही तर ठीक," ती म्हणाली. "जांभळा झाला तर सिस्टीन जास्त आहे. मग जनुकांची तपासणी करून खात्री करायची."

थेंब आधी पाण्यासारखा होता. मग कडेनं गुलाबी झाला. मग जांभळा.

आई खाली बसली. गोदाला वाटलं, आपल्याला आता रडू येईल. पण रडू आलं नाही, राग आला. चिठ्ठ्या काढणाऱ्याचा, ज्याचं नाव घेऊ नका म्हणून ती ओरडली होती त्याचा. चारांत एखाद्याला होतं म्हणतात, आणि इथे दोघांत दोघं.

"त्याच्या मूत्रपिंडांत खडे किती आहेत?" तिनं विचारलं.

मावशीनं सोनोग्राफी केली. केशू पोटावरच्या थंडगार लेपानं खिदळत होता. मावशीनं पडदा गोदाकडे वळवला. "मोज."

गोदानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पुन्हा बघितलं.

"एकही नाही."

"एकही नाही," मावशी म्हणाली. "तुझं आम्हाला कळलं ते पहिला खडा झाल्यावर. याचं आधी कळलंय. खाली पृथ्वीवर बिघडलेली सूचनाच दुरुस्त करता येईल का, याची खटपट चालली आहे. अजून प्रयोगशाळेतच आहे ते. हा मोठा होईपर्यंत येईलही. तोवर याचा मंडप कुणीतरी सांभाळायला हवा."

आजोबा दारात उभे होते. केव्हा आले, कुणाला कळलं नव्हतं. "मी सांभाळेन," ते म्हणाले.

"तुम्ही दिवसाचं बघा," गोदा म्हणाली. "रात्रीचं मी. मला उठायचंच असतं."

तिनं सायट्रेटची पुडी पाण्यात कालवली आणि चमचा केशूच्या ओठांशी नेला. त्यानं मोठ्या विश्वासानं तोंड उघडलं, चव घेतली आणि सगळं तिच्या झग्यावर थुंकून टाकलं. मग दगा झाल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

"गोड आहे म्हणावं त्याला," आई हुंदका आवरत म्हणाली. "म्हणजे घेईल."

"नको," गोदा म्हणाली. तिनं चमचा पुन्हा भरला. "वाईट लागतं, केशू. रोज असंच लागणार आहे. मलाही लागतं. घे."

केशूनं तिच्याकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं. मग नाक मुरडत, डोळे गच्च मिटून, त्यानं तो घोट गिळला.